वरचा वाडा, खालचा वाडा

"मातयेच्या मडक्यात दही घट्ट लागता, मास्तर. माझी आवस लावी, आता बायल लावता. ह्येच्यात प्रयोग कसलो करूचो?"

भिकाजीने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि सगळ्या वर्गाकडे एकदा वळून बघितलं. शिवदास मास्तरांना राग येत नसे. त्यांनी खडू हातातल्या हातात फिरवला आणि विचारलं, "मडकं घरात ठेवता कुठे?"

"चुलीकडे."

"आणि स्टीलचं भांडं?"

"ता भायर, जनेलार."

"म्हणजे मडक्याला रात्रभर ऊब, आणि खिडकीतल्या भांड्याला वारा. मग दही कशामुळे घट्ट लागलं? मातीमुळे की चुलीमुळे?"

सगळे हसले. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसलेली शेवंतीही हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन तिने पदर सारखा केला.

साखळी गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता हा वर्ग भरे. १९८८ साल सरत आलं होतं. शिवदास मास्तर हायस्कुलातून निवृत्त झाले, पण घरी बसवेना, म्हणून त्यांनी मोठ्या माणसांसाठी विज्ञानाचा वर्ग काढला. फळ्यावर लिहून घ्यायचं नाही, पाठ करायचं नाही. एखादी गोष्ट खरी की खोटी हे आपलं आपण कसं शोधायचं, एवढंच शिकायचं. अकरा माणसं येत. खाणीवर मालाचे नमुने घेणारा भिकाजी, दोन शिंपी, एक पोस्टातला शिपाई, अंगणवाडीच्या चार बाया, असे कोण कोण. आणि शेवंती. ती गावातल्या दवाखान्यात आया होती. सुया उकळायच्या, बाटल्या धुवायच्या, लादी पुसायची. अक्षरं ती चाळिशीनंतर साक्षरतेच्या वर्गात शिकली. तो वर्ग संपला, आणि शनिवारची संध्याकाळ पुन्हा रिकामी झाली, तेव्हा ती ह्या वर्गात येऊन बसू लागली. खरं सांगायचं तर विज्ञानापेक्षा तिला दीड तास माणसांत बसायला मिळे, हेच मोठं होतं. बाकीचे सहा दिवस दवाखान्याचं दार लागलं की खोलीचं दार, आणि मध्ये बोलायला पदेर. तोही पाव देऊन सायकलवर टांग मारणारा.

दह्याचा प्रयोग मात्र झाला. एकाच गाईचं दूध, एकच विरजण, तीन मडकी आणि तीन स्टीलची भांडी, सगळी वाचनालयाच्या एकाच फळीवर. कोणतं भांडं कुठे ठेवायचं हेही चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे कोणी आपल्या मनाने मडक्याला बरी जागा देऊ नये. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही सगळे जमले. डोळ्यांवर रुमाल बांधून एकेकाने चमच्याने चाखलं. भिकाजीचं म्हणणं खरं निघालं. सगळ्यांच्या चमच्याला तिन्ही मडक्यांतलंच दही घट्ट. भिकाजी खूश झाला.

"आता तुम्ही म्हणू शकता," मास्तर म्हणाले. "काल नुसतं वाटत होतं. आज माहीत आहे."

त्या दिवशी सगळे गेल्यावर शेवंती मागे राहिली. सहाही मडकी-भांडी तिनेच घासायला घेतली. मास्तर चपला घालत होते. तिने पाठमोरीच राहून विचारलं,

"मास्तर, होऊन गेलेल्या गोष्टीचो प्रयोग करूक येता?"

"कसली गोष्ट?"

"माणसाची."

मास्तरांनी घातलेली चप्पल काढली आणि ते बाकावर बसले.

मग तिने सांगितलं. पंचवीस वर्षांत तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं त्यांना ते आधीच ठाऊक असे. तिचं लग्न इब्रामपूरला झालं होतं, पेडण्याच्या त्या टोकाला. गोवा पोर्तुगिजांकडून सुटला, त्याच्या पुढच्या वर्षी मुलगा झाला. मुलगा अकरा महिन्यांचा असताना शिमग्याच्या दिवसांत गावात गोवर आला. त्याच्या अंगात ताप होता. तिने सकाळी त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं. संध्याकाळी अंगावर पुरळ दिसलं. पाचव्या दिवशी मुलगा गेला.

"सासू सगळ्यांसमोर म्हणाली, हिणा न्हाणयल्यान आणि झिलाचो गोवर आत घातल्यान." शेवंतीने मडकं उपडं करून ठेवलं. "भायर येत होतो तो आत गेलो. सगळ्यांनी मान डोलवल्यानी. पुढे दोन वर्सां मी त्या घरात होतंय. कोण माझ्या हातचा पाणी घेयनासो झालो. मग मी माहेराक, मये गावाक, इलंय, ता कायमचाच."

नवऱ्याने, दत्तारामने, नंतर दुसरं लग्न केलं, हे तिने एका वाक्यात सांगितलं. आईवडील गेल्यावर ती साखळीला खोली घेऊन राहिली, हे दुसऱ्या वाक्यात.

"दवाखान्यातले डॉक्टर म्हणतत, न्हाणयल्यान काय होत नाय. मी तेंका इचारलंय. पण तेंनी ता पुस्तकात वाचलेला. माझो झील पुस्तकात नव्हतो."

मास्तर म्हणाले, "माणसांवर प्रयोग करता येत नाही, शेवंतीबाय. म्हणजे करू नये. पण झालेलं मोजता येतं. त्या वर्षी गावात किती मुलांना गोवर आला, त्यातली किती न्हायली, किती नाही, आणि दोन्हीतली किती गेली."

"मी इचारतलंय."

"थांबा. एक अडचण आहे." ते चाचरले. "ज्या आईचं मूल गेलं, ती पंचवीस वर्षं तो एकच दिवस आठवत बसते. न्हाऊ घातलं का, काय खायला दिलं, दार उघडं होतं का. जिचं मूल जगलं, तिला काय आठवणार? ती म्हणेल, घातलं असेल नाहीतर नसेल. आठवणीवर विसंबून मोजलं तर उत्तर वाकडं येईल."

शेवंतीने हात पुसले. ते म्हणत होते ते तिला इतकं बरोबर समजलं, की वाईट वाटायलाही वेळ लागला.

पुढचा आठवडाभर ती सुया उकळताना तेच घोळवत राहिली. आईच्या आठवणीवर विसंबायचं नाही. मग कशावर? गुरुवारी दवाखान्याच्या टाकीतलं पाणी संपलं. डॉक्टर ओरडले, बाहेर रांगेतल्या बाया कुरकुरल्या, आणि शेवंती रिकामी बादली हातात घेऊन उभ्या जागी थांबली. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली तेव्हा ती हलली.

शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच ती मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, इब्रामपुरात आमचे दोन वाडे. वरचो आणि खालचो. खालचो व्हाळाक लागून, थंय पाण्याक कमी नाय. वरच्या वाड्याची बाव त्या वर्सा शिमग्याच्या आधीच आटली. बायो खाली येवन एक-एक कळशी न्हेयत, ती पिवूक आणि रांदूक. पोरांक न्हाणवूक पाणी खंयचा? म्हयनोभर वरच्या वाड्यात कोणीच पोर न्हाणवलेला नाय. ह्या सगळ्यांका म्हायत आसा. आणि आमच्या खालच्या वाड्यात आमी रोज न्हाणवंव."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"म्हणजे वरचा वाडा बिनअंघोळीचा," ते सावकाश म्हणाले, "आणि खालचा अंघोळीचा. कुणी मुद्दाम केलं नाही. विहिरीने केलं."

"होय. कोणी न्हाणवल्यान, कोणी नाय, ता इचारूकच नको. नुसता इचारूचा, पोरां किती होती, गोवर कितीजणांक इलो, गेली किती. पोर गेला ता कोण इसारता?"

मास्तरांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. त्याला काही लागलेलं नव्हतं. मग त्यांनी प्रश्नांमागून प्रश्न विचारले. दोन वाड्यांतली माणसं वेगळ्या जातीची, वेगळ्या खाण्याची होती का? नाही, भाऊबंदच, वर दोन घरं जरा बरी, खाली तीन. गोवर एकाच वेळी आला का? एकाच पंधरवड्यात. भिकाजी तोवर येऊन ऐकत उभा होता. त्याने आपलं ज्ञान पुढे केलं.

"खाणीवर आमी ढिगाच्या वयलो माल कधी उचलूचो नाय. वर चकचकीत दिसता. सगळ्या बाजूंनी, खालसून वरसून घेवचो, तेव्हा खरो नमुनो. तू बाये, वळखीच्या घरांत तेवडी जावन येशीत, तर खोटो हिशेब येतलो."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "दोन्ही वाड्यांतलं प्रत्येक घर. एकही वगळायचं नाही. आणि सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचं. कुणाला हळहळून, कुणाला घाईत, असं नको."

शेवंतीने मान हलवली. प्रत्येक घर म्हणजे कोणकोणती घरं, हे तिच्या मनात सरकन येऊन गेलं.

मास्तर आणखी एक प्रश्न विचारायचा राहिल्यासारखे घुटमळले. शेवटी त्यांनी तो विचारला. "आणि उत्तर उलटं आलं तर? खालच्या वाड्यातच जास्त मुलं गेली असं निघालं तर काय कराल?"

खोलीत माणसं येत होती, बाकं सरकत होती.

"तर तसा लिवतलंय," शेवंती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी ती निघाली. डिचोलीला एक बस बदलायची, पुढे दुसरी. शेवटच्या बसमध्ये कंडक्टरने इब्रामपूरचं तिकीट फाडून हातात दिलं, तेव्हा तिने ते वहीत घालून ठेवलं. एवढ्या वर्षांत ती त्या वाटेने एकदाही गेली नव्हती. गावात डांबरी रस्ता आला होता, विजेचे खांब आले होते. व्हाळ तसाच वाहत होता. तिने खाली बघितलं नाही, आधी चढण चढून वरच्या वाड्यात गेली.

पहिल्याच घरात पार्वती नावाची म्हातारी अंगणात पापड वाळत घालत होती. तिने कपाळावर हात धरून नीट निरखलं.

"तू दत्तारामाची पयली न्हय गो?"

"होय."

"बस. पाणी पी." म्हातारीने चटई पुढे ओढली. आणि शेवंतीला एकदम जाणवलं, की ह्या गावात आपल्याला कुणी पाणी देत आहे.

तिने वही उघडली. पहिल्या पानावर प्रश्न लिहिलेला होता, तो तिने तसाच वाचला. "गोवा सुटल्यार दुसरो शिमगो इलो, तेव्हा ह्या घरात पाच वर्सांच्या खालची पोरां किती होती?"

"चार."

"गोवर कितीजणांक इलो?"

"चारांकय."

"त्यातली गेली किती?"

म्हातारीने पापड उलटवला. "दोन. दोन दिवसांच्या अंतरान." मग तिने वर बघितलं. "तुका म्हायत आसा, माका काय म्हणाली सगळी? म्हणाली, तुया पोरांक म्हयनोभर न्हाणवलंस नाय, घाण ऱ्हवली, म्हणान देवी कोपली. मी खंयसून न्हाणवतलंय? बावीत चिखल होतो."

शेवंतीची पेन्सिल थांबली. खाली तिला मुलाला न्हाऊ घातलं म्हणून बोल लागला. वर, हाकेच्या अंतरावर, हिला न्हाऊ घातलं नाही म्हणून. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. तिला म्हातारीचा हात धरावासा वाटला. पण अजून नुसत्या वरच्या वाड्यातलीच सव्वीस घरं राहिली होती, आणि सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचं होतं. तिने चार, चार, दोन असे आकडे लिहिले आणि ती उठली.

चार रविवार गेले. काही घरांना कुलूप होतं. माणसं मुंबईला, नाहीतर खाणींवर. मग शेजाऱ्यांना विचारायचं आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडून पडताळून घ्यायचं. एका घरातल्या बाईने तिला पायरीवरूनच परत लावलं. ती पुढच्या रविवारी पुन्हा गेली, त्याच शब्दांत विचारलं आणि उत्तर घेऊन आली. कुणी हसलं. कुणी म्हणालं, सरकारी कामावर लागली वाटतं. एका म्हाताऱ्याला तीन मुलं आठवत होती, त्याच्या म्हातारीला चार. चौथं बाराव्या दिवसाच्या आधीच गेलं होतं, तेही गोवराच्या आधी. शेवंतीने ते लिहिलं नाही, पण वहीच्या मागच्या पानावर एक छोटीशी रेघ ओढली. का ओढली, ते तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळच्या बसमध्ये ती वही पिशवीत पालथी ठेवी आणि बेरीज करायचं टाळी. मास्तरांनीच सांगितलं होतं, अर्ध्यावर मोजू नका, मोजलं की पुढे विचारताना आवाज बदलतो.

चौथ्या रविवारी खालच्या वाड्यात एकच घर राहिलं.

दत्ताराम सोप्यावर बसून सुपारी कातरत होता. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. शेवंती अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा अडकित्ता त्याच्या हातात तसाच राहिला. आतून त्याची दुसरी बायको, सुमंगला, बाहेर आली. अंगाने भरलेली, तोंडावर माया असलेली बाई. शेवंती गावात फिरते आहे हे तिने ऐकलं असणारच. ती म्हणाली, "ये गो, वयर ये. उन्हात कित्याक उबी?"

शेवंती पायरीवर बसली. सोप्याचा कठडा आता सिमेंटचा होता. तिने वही उघडली.

"गोवा सुटल्यार दुसरो शिमगो इलो, तेव्हा ह्या घरात पाच वर्सांच्या खालची पोरां किती होती?"

सुमंगला गोंधळली. "माका कसा म्हायत? मी त्येच्या मागसून इलंय ह्या घरात."

आणि मग तिला समजलं. ती चहा ठेवते असं पुटपुटत आत गेली.

शेवंती थांबली. दत्तारामने अडकित्ता खाली ठेवला.

"एक," तो म्हणाला.

"गोवर कितीजणांक इलो?"

"एकाक."

"त्यातली गेली किती?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "तुका म्हायत नाय?"

"माका सगळ्यांक एकाच शब्दांत इचारूचा आसा."

व्हाळाकडून कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज येत होता. दत्ताराम पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचं सुपारीचं खांड पुढे-मागे करत राहिला.

"गेलो," तो म्हणाला.

तिने लिहिलं. एक, एक, एक. सुमंगलेने आणलेला चहा तिने घेतला, कप विसळून ठेवू पाहिला, तो सुमंगलेने हातातून काढून घेतला. आणि ती निघाली.

बसच्या थांब्यापाशी पोचली तोवर मागून चपलांचा आवाज आला. दत्ताराम होता. तो तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत बोलू लागला.

"ह्या कित्याक करतंस, ता पार्वतेन वळखून माका सांगल्यान."

तिने वही पिशवीत सारली.

"त्या दिसा पाणी मी हाडलंय व्हाळावरसून. दोन कळशे. न्हाणय ताका, ताप उतरात, असा मीच सांगलंय तुका."

"होय."

"माझ्या आवशीक तू ता सांगलंस नाय."

"नाय."

"कित्याक?"

पंचवीस वर्षांत तिने ह्या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. काही रागाची, काही मोठ्या मनाची. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

"माका वाटला, तूच सांगशीत," ती म्हणाली.

दत्तारामने मान खाली घातली. एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ बसली तरी तो तसाच उभा होता. मग म्हणाला, "सुमंगलेच्या पोरांक ताप इलो काय मी घरात निजत नसंय. भायर खळ्यात निजंय. तिका वाटा, मी पोरांक कंटाळतंय."

बस वळणावर दिसली. तो घाईने जवळ आला, पण हात पुढे झाला नाही.

"तुझा ता गणित... काय ता येतला ता माका कळव. कसाय येवंदे."

"कळवतंय," शेवंती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

शनिवारी मास्तरांनी फळा पुसून घेतला आणि खडू तिच्या हातात दिला. वर्गासमोर उभं राहून लिहायची तिची पहिलीच वेळ. तिने मधोमध उभी रेघ ओढली. एका बाजूला वरचा वाडा, दुसऱ्या बाजूला खालचा. वर सत्तावीस घरं, खाली चौतीस. गोवर आलेली मुलं वर एकतीस, खाली अडतीस. त्यातली गेलेली वर पाच. खाली सहा.

पोस्टातल्या शिपायाने बोटांवर हिशेब केला. "दोनय कडे सारख्याच. दर सहांत एक."

"म्हणजे न्हाणयल्यान काय्येक झाला नाय!" भिकाजी मोठ्याने म्हणाला, जणू त्याचंच दही पुन्हा जिंकलं होतं.

मास्तरांनी हात वर केला. "जपून. आकडे थोडे आहेत. वाड्यांत आपल्याला न दिसलेला फरक असू शकतो. एवढ्यावरून शंभर टक्के सांगता येणार नाही." ते शेवंतीकडे वळले. "पण न्हाऊ घातल्याने गोवर आत जाऊन मुलं जात असती, तर खालच्या वाड्यात ती कितीतरी जास्त गेली असती. तशी ती गेलेली नाहीत. एवढं मी कुठेही उभा राहून सांगेन."

"मगे ती कित्याक गेली?" एका अंगणवाडीच्या बाईने विचारलं.

"गोवराने. छातीत कफ भरला असेल, अंगातलं पाणी गेलं असेल. लस नव्हती, दवाखाना दूर होता."

शेवंती फळ्याजवळच उभी होती. "म्हणजे कोणाचीच चूक नव्हती?"

"ह्या तक्त्यात तरी कुणाची दिसत नाही," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्या आपल्यासाठी आहेत हे जरा उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती सवयीने पहाटे उठली, केस विंचरले, पिशवी काढली आणि मग लक्षात आलं की आज बस पकडायची नाही. ती खाटेवर बसून राहिली. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. थोडं वाटलंही, शुक्रवारी दवाखाना धुऊन झाल्यावर पाठीला वाटे तसं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काही आलं. इतकी वर्षं रोज सकाळी कोमट पाण्यात हात घातला की तिला तो दिवस आठवे, आणि त्या दिवसाबरोबर मुलगा येई. बोटं चोखणारा, पाण्यात पाय मारणारा. आज तिने तोंड धुतलं तेव्हा पाणी नुसतं पाणी होतं. तिने पुन्हा हात बुडवून बघितला. शेजारच्या खोलीत रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

सोमवारी दुपारी ती पोस्टात गेली. एक कार्ड पुरे होतं, तिने दोन घेतली. खोलीवर येऊन मांडीवर वही ठेवली, वहीवर कार्ड, आणि सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं अक्षर काढत दत्तारामला लिहिलं: वरचा वाडा, गोवर एकतीस, गेली पाच. खालचा वाडा, गोवर अडतीस, गेली सहा. दोन्हीकडे सारखं. पाण्याने काही झालं नाही. तू आता घरात निजत जा. खाली सही केली. पत्ता लिहिला.

मग दुसरं कार्ड पुढे ओढलं. हे कुणाला लिहायचं, हे घेताना तिने ठरवलं नव्हतं. पार्वतीला लिहिता आलं असतं, पण तिला ती जाऊन सांगणार होती. आई गेली, वडील गेले, सासूही गेली. ज्यांना सांगायला हवं होतं अशी माणसं तिने मनात एक-एक मोजली आणि एक-एक सोडून दिली.

लिहायला शिकल्यापासून तिने पुष्कळ नावं लिहिली होती. आपलं, गावाचं, औषधांची, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर रोग्यांची. एक नाव, मुलाचं, कधीच लिहिलं नव्हतं. तिने कार्ड उलटं केलं आणि पत्त्याच्या चार ओळींतल्या पहिल्या ओळीवर ते लिहिलं. शंभू दत्ताराम गवस. 'भू' थोडा मोठा झाला.

खालच्या तीन ओळी तशाच राहिल्या. दवाखाना उघडायची वेळ झाली होती. शाई वाळेपर्यंत ती थांबली, आणि मग उठली.